डॉक्सो आत गेलं, मग गेलं कुठे?

कॅन्सरच्या पेशी मारणं अवघड असतं, हे आयुष्यभर ऐकत आले होते. त्या जगवणंही सोपं नसतं, हे पाषाणजवळच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून रुजू झाल्यावर कळलं. त्यांना ३७ अंश तापमान लागतं, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, वासराच्या गर्भाचं सीरम लागतं. आणि त्यांच्याजवळ जाणाऱ्या माणसाला हात अल्कोहोलने पुसून, हूडच्या काचेआड बोलणं बंद करून बसावं लागतं. झूऑलॉजीत एम. एस्सी. करताना मी झुरळाच्या पचनसंस्थेच्या आकृत्या काढल्या होत्या. इथे ताईने माझ्यापुढे दोन फ्लास्क ठेवले. (ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सगळी लॅब तिला ताईच म्हणते.) एकावर मार्करने ‘एस’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘आर’. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषधाने मरणाऱ्या. आर म्हणजे रेझिस्टंट, न मरणाऱ्या.

“आरवाल्यांना जीव लावून सांभाळ,” ताई म्हणाली. “त्या बनवायला फार वेळ गेलाय.”

बनवायला? मला वाटलं होतं, अशा पेशी रुग्णाकडूनच येत असतील. तर नाही. साध्या पेशींना डॉक्सोरुबिसिनचा अगदी थोडा डोस द्यायचा. बहुतेक मरतात. उरलेल्या वाढू द्यायच्या, मग डोस जरा चढवायचा, पुन्हा उरलेल्या ठेवायच्या. असं महिनोन्‌महिने. कॅन्सरच्या वॉर्डात जे घडू नये म्हणून डॉक्टर धडपडतात, तेच आम्ही फ्लास्कमध्ये मुद्दाम घडवून आणतो. मायक्रोस्कोपखाली दोन्ही पेशी मला सारख्याच दिसल्या. कितीतरी वेळ मी फरक शोधत बसले.

एस पेशी आल्या होत्या गणेशखिंडीतून. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, बोलताना सगळे एनसीसीएस म्हणतात. देशभरातल्या प्रयोगशाळांना सेल लाइन तिथून जातात. पुण्याचं या कामाशी नातं त्याहून जुनं आहे, हे मला नंतर कळलं. १९१७ साली इथे जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये गेल्या. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून परत आल्या आणि देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. हे गाय म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, हीला, वाढवणारे. आमच्या फ्लास्कमधल्या पेशी मात्र एमसीएफ-७, १९७० साली अमेरिकेतल्या एका स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या. ती बाई कधीच गेली. पेशी अजून वाढताहेत.

याच एमसीएफ-७ची म्हणून एक औषधाला न जुमानणारी सेल लाइन जगभर वापरली जायची. पुढे डीएनए तपासल्यावर उघड झालं, की ती स्तनाची नाहीच, अंडाशयाच्या कॅन्सरची आहे. तोवर तिच्यावर ढीगभर शोधनिबंध छापून झाले होते. म्हणून आमच्याकडे पेशींची अधूनमधून ओळखपरेड होते. ताई त्या बाबतीत कुणाचंही ऐकत नाही.

माझा पहिला मोठा गोंधळ रंगाचा. पेशी ज्यात वाढतात ते द्रव, म्हणजे मीडिया, छान गुलाबी असतं. शनिवारी गुलाबी ठेवून गेलेले फ्लास्क सोमवारी पिवळे झालेले. मला वाटलं, बुरशी लागली. ताईने फ्लास्क उजेडात धरला आणि म्हणाली, “काही नाही, खाऊन टाकलंय सगळं.” मीडियात फिनॉल रेड नावाचा रंग असतो. आम्लता वाढली की तो पिवळा पडतो. आणि आम्लता वाढवतात पेशीच. साखर खाऊन त्या लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात.

आता यात न कळण्यासारखं काय? माझ्या पुस्तकात होतं, की ऑक्सिजन नसेल तेव्हा पेशी लॅक्टिक आम्ल बनवते. धावताना पायाचे स्नायू बनवतात तसं. इथे तर इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन भरपूर. मग ग्लुकोजच्या एका रेणूमागे ज्या रस्त्याने तीसेक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात तो सोडून, फक्त २ एटीपी देणारा रस्ता या पेशी का धरतात? हाच प्रश्न १९२०च्या दशकात जर्मनीत ओट्टो वारबुर्ग यांना पडला होता. त्यांना वाटलं, पेशींचं श्वसनच बिघडलेलं असणार. तसं नव्हतं. बहुतेक कॅन्सर पेशींतली मायटोकॉन्ड्रिया नीट चालू असतात. आज समजतं ते असं, की भराभर दुप्पट होणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. पडद्यासाठी चरबी, डीएनएसाठी तुकडे, प्रथिनांसाठी अमिनो आम्लं. साखर पूर्ण जाळून टाकली तर हा माल उरणार कुठून? शिवाय घाईचा रस्ता वेगाने एटीपी देतो, साखर मुबलक असेल तोवर. पेट स्कॅनमध्ये कॅन्सर उजळून दिसतो तो याच खादाडपणामुळे. फ्लोरिन-१८ लावलेली साखर शरीरात सोडतात आणि जिथे ती जास्त ओढली जाते तो भाग चमकतो.

मुबलक म्हणजे किती, हे मी बाटलीवर वाचलं. लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज. घरी आप्पांची शुगर मीच मोजायचे, त्यामुळे हिशोब लगेच डोक्यात आला. ग्लुकोमीटरवर हा आकडा ४५० दिसेल. उपाशीपोटी तो शंभरच्या आत हवा. म्हणजे आमच्या पेशी बारा महिने तेरा काळ मधुमेहात पोहतात. तेव्हापासून फ्लास्कमधला कुठलाही निष्कर्ष माणसाला लावायचा म्हटलं की मी आधी बाटलीवरचा हा आकडा आठवते.

डॉक्सो मात्र माझ्या आधीपासून ओळखीचं होतं. आमच्या मोठ्या काकूंना नाशिकला केमो चालू होती आणि त्यातलं लाल औषध सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होतं. नळीतून लाल उतरतं आणि नंतर लघवीही लाल होते म्हणून. ते हेच डॉक्सोरुबिसिन. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून मिळवलेलं. काही महिने गाठ आकसली, मग पुन्हा वाढली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडेनासं झालंय. घरात सगळ्यांनी मान हलवली. पण लागू पडेनासं होतं म्हणजे आत काय होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. एम. एस्सी. असून.

उत्तर मला एका संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत दिसलं, अगदी डोळ्यांनी. डॉक्सो स्वतःच लाल चमकतं, त्याला वेगळा रंग लावावा लागत नाही. फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली एस पेशी पाहिल्या तर प्रत्येकीच्या मधोमध लाल गोळा. केंद्रकात, डीएनएत, औषध जाऊन बसलेलं. मग आर पेशी. केंद्रकं काळोखी. भोवती कुठे कुठे लाल ठिपके, बाकी काही नाही. दोन्ही फ्लास्कांत औषध एकाच बाटलीतलं, एकाच मापाचं.

“आत गेलंच नाही का?” मी विचारलं.

“गेलं ना.”

“मग गेलं कुठे?”

“बाहेर.”

पावसाळ्यात सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं, तेव्हा मोटर लावतात. पाणी यायचं थांबत नाही, पण मोटर उपसत राहते म्हणून पातळी घोट्यावर चढत नाही. आणि लाइट गेली की तासाभरात स्कूटरची चाकं बुडतात. आर पेशींच्या पडद्यात अशी मोटर आहे, तिचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६ साली टोरांटोत रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना ती चिनी हॅमस्टरच्या पेशींत सापडली. त्या पेशी कोल्चिसिन नावाच्या औषधाला बधत नव्हत्या. हे प्रथिन पडद्यात घुसलेला औषधाचा रेणू पकडतं आणि एटीपी खर्चून बाहेर फेकतं.

खरा चक्रावून टाकणारा भाग पुढे आहे. आमच्या आर पेशींनी जन्मात डॉक्सोखेरीज दुसरं औषध पाहिलेलं नाही. तरी व्हिन्क्रिस्टिन घाला, पॅक्लिटॅक्सेल घाला, त्या तितक्याच निवांत. या तीन रेणूंच्या आकारात काहीही साम्य नाही. पेशीत त्यांची कामंही निरनिराळी. माझ्या पुस्तकी ज्ञानानुसार प्रथिनं म्हणजे फार चोखंदळ मंडळी, एकाला एकच रेणू बसतो. या पंपाला ते मान्य नाही. पाण्यापेक्षा तेलात रमणारं, बऱ्यापैकी मोठं असं काहीही पडद्यात दिसलं की तो उचलतो. त्याचे भाऊबंदही आहेत. एमआरपी-१ हा १९९२ साली सापडला, बीसीआरपी १९९८ साली. सिस्प्लॅटिन हे केमोचं आणखी एक औषध मात्र पी-ग्लायकोप्रोटीनच्या हाती लागत नाही. ते आत शिरताना काही अंशी तांब्यासाठी असलेल्या दारातून येतं, आणि आतलं ग्लुटाथायोन त्याला चिकटून निकामी करतं. म्हणजे रेझिस्टन्स नावाची एक वस्तू नाहीच. औषधागणिक तिचा कारभार वेगळा.

पिवळा मीडिया आणि काळोखी केंद्रकं या मी वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेल्या गोष्टी होत्या. लॅब मीटिंगमध्ये आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, “अगं, पंपाला एटीपी कोण देतं?” तेव्हा दोन्ही वह्या एकाच टेबलावर आल्या. साखर खाण्याची घाई मोटर चालू ठेवते. आणि त्या घाईतून बाहेर पडणारं आम्ल पुन्हा औषधाच्याच मुळावर येतं. निरोगी ऊतींत पेशींबाहेर पीएच ७.४ असतो, गाठीत तो ७च्या खाली, ६.५पर्यंत उतरलेला सापडतो. डॉक्सो हे सौम्य अल्कली. आम्लात त्याच्या रेणूवर विद्युतभार चढतो आणि भारित रेणूला तेलकट पडदा ओलांडता येत नाही. म्हणजे जे थोडं आत जाणार तेही बाहेरच अडकतं. ते लाल ठिपकेही त्याच कारणाने. पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांत, लायसोसोममध्ये, औषध कोंडून पडतं आणि केंद्रकापर्यंत पोचत नाही.

गाठीत तर याहून बिकट अवस्था. फ्लास्कमध्ये पेशी एका थरात पसरलेल्या, सगळ्यांना औषध सारखं. गाठीत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या, आणि दूर दूर. रक्तवाहिनीपासून ४० ते ५० मायक्रॉन अंतरावर डॉक्सोचं प्रमाण निम्म्यावर येतं, असं उंदरांच्या गाठींत मोजलेलं आहे. हे अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यापलीकडे ऑक्सिजनही तुटपुंजा, आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशी पंपाचं जनुक अधिकच चालू करतात. म्हणजे औषध जिथे पोचतच नाही तिथेच ते उपसायची तयारी सगळ्यांत जास्त. हे कळलं त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये चहा घेताना कुणाशी बोलले नाही.

मग साखरच तोडली तर? ही कल्पना मला स्वतःला सुचली, असं वाटून मी अर्धा दिवस खूश होते. ती जुनी आहे. २-डीऑक्सिग्लुकोज, म्हणजे २-डीजी, ही खोटी साखर. पेशी ती आत घेते पण पचवू शकत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१मध्ये, डीआरडीओचं औषध म्हणून तिचं नाव घरोघरी गेलं होतं. त्याआधी बरीच वर्षं दिल्लीच्या इनमास संस्थेत मेंदूच्या गाठींच्या रेडिएशनसोबत ती वापरून पाहत होते. उंदरांत डॉक्सोसोबत दिल्यावर गाठी अधिक आटल्या. अडचण एकच, पण मोठी. मेंदूही साखरेवरच चालतो.

इथे काकूंच्या व्हॉट्सअॅपबद्दल लिहिणं भाग आहे. “साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल” आणि “रोज खायचा सोडा घ्या, शरीर अल्कलाइन होईल” असे दोन संदेश त्यांना कुणी ना कुणी पाठवतच असतं. चिडायला हवं, पण वाईट हे, की दोन्हींच्या मुळाशी खऱ्या प्रयोगाचा तुकडा आहे. उंदरांना सोड्याचं पाणी पाजल्यावर गाठीतली आम्लता कमी झाली आणि डॉक्सोचा परिणाम वाढला, हे छापून आलेलं आहे. पण तो सोडा उंदराच्या वजनाच्या मानाने भरमसाट. माणसाने तेवढा घेतला तर मूत्रपिंडं आणि हृदय आधी तक्रार करतील. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं जागचा हलू देत नाहीत, आणि चहातली साखर सोडली तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडत राहतं. उपाशी राहतो तो रुग्ण, गाठ नव्हे. वजन आधीच उतरलेल्या बाईला पोळी-भात सोडायला सांगणं हा अडाणीपणा आहे, मग पाठवणारा कितीही शिकलेला असो.

मोटर बंद करणारी औषधंही आहेत. ताईने माझ्याकडून तो प्रयोग करून घेतला. आर पेशींत व्हेरापामिल घातलं, म्हणजे ब्लड प्रेशरची साधी गोळी, आणि मग डॉक्सो. केंद्रकं लाल झाली. मी खुर्चीतून उठलेच. जपानमध्ये ताकाशी त्सुरुओ यांनी १९८१ सालीच दाखवलं होतं, की व्हेरापामिलने रेझिस्टंट पेशी पुन्हा औषधाला बधू लागतात. मग हे काकूंना का देत नाहीत? कारण पंप थांबवायला जेवढं व्हेरापामिल लागतं तेवढ्याने हृदयाचे ठोके अडखळतात. पुढे खास पंपासाठी व्हॅल्स्पोडार, टॅरिक्विडार अशी औषधं बनली. चाचण्यांत त्यांनीही निराशा केली. रुग्णांचा फायदा दिसेना आणि केमोचा त्रास मात्र वाढला.

का वाढला, ते समजायला मला एका उंदरांच्या गोष्टीची मदत झाली. ॲमस्टरडॅममध्ये १९९४ साली अल्फ्रेड शिंकेल यांच्या गटाने हे पंपाचं जनुक काढून टाकलेले उंदीर बनवले. उंदीर धडधाकट दिसत होते. मग पिंजऱ्यांत गोचिडीसारखे बारीक किडे झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं, आणि हे उंदीर मरू लागले. ते औषध त्यांच्या मेंदूत शिरलं होतं. साध्या उंदरांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला हाच पंप ते बाहेर ठेवत असतो. आपल्या आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूच्या कुंपणावर हा पंप जन्मापासून कामावर आहे. जेवणातून आलेलं विषारी काही बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम. जुलाबाची लोपेरामाइड गोळी रसायन म्हणून अफूच्या कुळातली, तरी ती खाऊन झिंग येत नाही, कारण पंप तिला मेंदूत जाऊ देत नाही. गाठीतला पंप बंद करायचा तर हे सगळे पंपही मंदावणार. कॅन्सरने काही नवं हत्यार शोधलेलं नाही, म्हणून तर हात बांधलेले राहतात. “शत्रू”, “लढाई” या शब्दांचा मला तेव्हापासून कंटाळा आलाय.

पंप जात्याच असणाऱ्या पेशींचा आणखी एक धागा पुण्यातच सापडतो. एनसीसीएसमध्ये शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ साली अंडाशयाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून मूळपेशींसारख्या वागणाऱ्या कॅन्सर पेशी वेगळ्या केल्या होत्या. मूळपेशींना पंप जात्याच भरपूर असतात. त्यांना दीर्घकाळ टिकायचं असतं ना. केमोनंतर मागे उरणाऱ्या अशाच असाव्यात, हा विचार तेव्हापासून जोरात आहे.

सुट्टीत घरी, नंदुरबारला, गेले तेव्हा हे सगळं सांगायला आणखी एक कारण मिळालं होतं. पॅक्लिटॅक्सेलची रचना १९७१ साली आणि त्याआधी १९६६ साली कॅम्प्टोथेसिनची रचना शोधणाऱ्या जोडगोळीतले मनसुख वाणी नंदुरबारचे. इथे जन्मले, मुंबईत शिकले, मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल यांच्यासोबत काम केलं. आमच्या शाळेत त्यांचं नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही. कॅम्प्टोथेसिन मूळ चिनी झाडातलं, पण १९७२ साली गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात मिळालं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे नरक्याची तोड आणि तस्करी का होते, त्याचं उत्तर हे. कॅम्प्टोथेसिनपासून बनलेल्या टोपोटिकॅन या औषधाला बीसीआरपी पंप उपसतो आणि पॅक्लिटॅक्सेलला पी-ग्लायकोप्रोटीन.

ही झाडं स्वतःच्या विषाने कशी मरत नाहीत? कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या एका वनस्पतीत औषधाचं लक्ष्य असलेल्या प्रथिनाचं ७२२ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललेलं आहे. अगदी तोच बदल औषधाला न जुमानणाऱ्या माणसाच्या ल्युकेमिया पेशींतही सापडला होता. आणि व्हिन्क्रिस्टिन देणारी अंगणातली सदाफुली त्या औषधाचा कच्चा माल असलेलं कॅथारँथिन पानाच्या पृष्ठभागावर नेऊन टाकते, आमच्या पंपाच्याच घराण्यातल्या एका पंपाने. ते वाचून मी अंगणातल्या कुंडीपुढे उगाच उभी राहिले. आई म्हणाली, “पाणी घालून झालंय.”

काकूंची सलाइन आता थांबली आहे. त्यांना कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या सुरू केल्यात. परवा त्यांचा फोन आला. “पोरी, हे औषध तरी तुझ्या त्या पंपाला ओळखीचं नाही ना?” मी म्हणाले, “नाही काकू, हे त्या पंपातून जात नाही. आणि गोळी शरीरात जाते तेव्हा ती पूर्ण औषधही नसते. तिचं औषध करणारं एन्झाइम बऱ्याच गाठींत आजूबाजूपेक्षा जास्त असतं. शेवटची पायरी गाठच करते.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग यकृत त्यातलं बरंचसं कसं मोडून टाकतं, काही जणांत ते मोडणारं एन्झाइमच कमी असल्याने त्रास कसा होतो, हे मी सांगायला लागले. काकूंनी मला मध्येच थांबवलं.

“ते राहू दे. जेवणाआधी घ्यायची का नंतर?”

“नंतर. अर्ध्या तासाच्या आत.”